पाय हलका ठेव

"इंजिन बसलंय," असं गॅरेजवाल्याने मला सांगितलं, तेव्हा त्याने बॉनेटसुद्धा पुरतं उघडलं नव्हतं. चढावर गाडी ओढत नाही, धापा टाकते, एवढीच माझी तक्रार होती. त्याने कान लावल्यासारखं केलं आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. आमच्या ह्यांनी ते वाक्य जसंच्या तसं माझ्या दिराला कळवलं. दिराने रविवारी अकरा वाजता भंगारवाल्याला घेऊन येतो असं ठरवूनही टाकलं. गाडी माझी, पण मला विचारायचं सगळ्यांच्याच डोक्यातून गेलं.

मी बायकांचे कपडे शिवते. मापं आणि फिटिंग त्यांच्या घरी जाऊन करते, आणि निम्मी घरं त्या चढापलीकडे आहेत. गाडी गेली की मी पुन्हा घरात, मशीनपुढे, कोणी येतंय का म्हणून दाराकडे बघत. चव्वेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकले ते काही त्यासाठी नाही. मी ह्यांना सांगितलं की मोजल्याशिवाय मी कापडाला कात्री लावत नाही, तेव्हा मोजल्याशिवाय गाडीही हलणार नाही.

मोजणं म्हटलं की हे जागे होतात. तीस वर्षं कारखान्यात ह्यांनी दाबाची यंत्रं तपासली आहेत. कॉम्प्रेशन टेस्ट घरीच करता येते म्हणाले आणि मित्राकडून दाब मोजायचं गेज घेऊन आले. चार सिलिंडर, प्रत्येकात हवा दाबली जाते. इंजिन बसलं असेल तर ती हवा निसटते आणि गेजचा काटा वर चढत नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं, निदान एकशे चाळीस पौंड तरी हवेत.

रविवारी नऊ वाजता दारासमोर काम सुरू झालं. इंजिन तापवून बंद केलं. पेट्रोल येऊ नये म्हणून पंपाचा फ्यूज काढला, ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची वायर सोडवली आणि ठिणगी पाडणारे चारही प्लग काढून वर्तमानपत्रावर ओळीने मांडले. प्लग तव्याच्या बुडासारखे काळे होते. मला स्टिअरिंगमागे बसवून ह्यांनी सांगितलं, मी हो म्हणालो की ॲक्सिलरेटर दाबून ठेव आणि पाच मोजेपर्यंत किल्ली फिरव. बॉनेटच्या आडून मला ह्यांचं एक कोपर तेवढं दिसत होतं.

पंच्याण्णव. ब्याण्णव. चौऱ्याण्णव. पंच्याण्णव. हे आकडे कागदावर लिहून हे माझ्या खिडकीशी आले आणि मऊ आवाजात म्हणाले, "बसलंय गं."

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. गॅरेजवाला न बघता बोलला आणि बरोबर बोलला, हे तर मला मुळीच सोसेना. मी कागद ओढून घेतला आणि आकड्यांकडे बघत राहिले. एक बाही आखूड झाली तर हात चुकला. पण दोन्ही बाह्या आणि सलवारीचे दोन्ही पाय सारखेच आखूड झाले, तर मी कापडाला दोष देत नाही. आधी टेप बघते.

"अहो, चारही एकदम सारखीच कशी बसली?"

ह्यांनी आधी गेजवर हात ठेवला. गेज खरं आहे म्हणाले, कालच तपासलंय. मग चूक इकडे, माझ्या बाजूला असेल, असं मी म्हणाले. हे वाकले आणि माझ्या पायाकडे बघू लागले. पाय ॲक्सिलरेटरवर होता, पण खाली अंडं ठेवल्यासारखा.

"याला दाबणं म्हणतात?"

"तुम्हीच शिकवलंत. पाय हलका ठेव."

आठ वर्षं शेजारच्या सीटवरून मी हेच ऐकत आले. वळणावर पाय हलका, सिग्नलला पाय हलका, मोकळ्या रस्त्यावरही पाय हलका. ह्यांनी पाठ सरळ केली. मग म्हणाले, ॲक्सिलरेटर दाबला की हवेची वाट उघडते. वाटच बंद असेल तर सिलिंडरने दाबायचं काय? "पूर्ण दाब. खाली टेकेपर्यंत."

मी टेकवला. एकशे अडुसष्ट. एकशे पासष्ट. एकशे सत्तर. एकशे सदुसष्ट.

मी हसत सुटले. हे मात्र पायरीवर बसले आणि एक काळा प्लग बोटांत फिरवू लागले. इतकी वर्षं जवळजवळची अंतरं आणि हलका पाय. प्लग कधी नीट तापलेच नाहीत, काजळी धरून बसले, म्हणून चढावर ठिणगी अपुरी पडत होती. "इंजिनाचा दोष नाही, माझा आहे," हे म्हणाले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. पण आकड्यापुढे हा माणूस कधी खोटं बोलत नाही.

हे चालत जाऊन नवे प्लग घेऊन आले. ते बसवून, वायर आणि फ्यूज जागच्या जागी लावतोय तोवर दीर आणि भंगारवाला हजर. भंगारवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली. दिराने ह्यांना विचारलं, मग काय दादा, द्यायची ना?

"गाडी तिची आहे," हे म्हणाले. "तिला विचार."

मी नाही म्हणाले आणि किल्ली फिरवली. भंगारवाला समजूतदार निघाला, हात जोडून चालता झाला. दीर मागे बसला, हे माझ्या शेजारी. चढाच्या तळाशी आलो तेव्हा ह्यांनी सवयीने दाराची कडी धरली आणि तोंड उघडलं. मी वाट पाहिली. तोंड पुन्हा मिटलं.

मागून दीर म्हणाला, "वहिनी, जरा हळू."

"तू गप्प बस रे," हे म्हणाले.

मी पाय खाली टेकवला.