होडीवरचा पाहुणा फ्रीज आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी बॅटरी आहे. आधीच सांगून ठेवते, माझं मन फार मोठं नाही. माझ्या आयुष्याची गोष्ट सांगायची तर माझ्या मत्सराचीच गोष्ट सांगावी लागेल.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. शिशाच्या पट्ट्या उभ्या केल्या, वरून तेजाब ओतलं आणि काळ्या डब्यात मला बंद केलं. काही महिने दुकानाच्या फळीवर धूळ खात काढले. मग एका नावाड्याने मला खांद्यावरून नेलं आणि आपल्या लहानशा होडीत, इंजिनाशेजारच्या लाकडी खणात बसवलं. माझं काम एकच. त्याने बटण दाबलं की सगळा जोर लावून इंजिनाला हिसका द्यायचा. इंजिन धडधडू लागलं की ते माझी वीज मला परत भरून देई. रोखठोक व्यवहार.

नावाडी मला जिवापाड जपायचा. महिन्याच्या महिन्याला बुचं उघडून पाणी घालायचा, टोकांवर साचलेली पांढरी पूड घासून काढायचा. पाण्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून माझ्यावर जाड गोधडी घालायचा. "ही आपल्या होडीची थोरली सून," असं तो म्हणायचा.

"आणि मी कोण?" त्याची बायको विचारायची.

"तू सासू. बसल्या जागी हुकूम सोडणारी!"

असे सुखाचे दिवस चालले होते, आणि तो आला.

तलावाच्या काठच्या वस्त्यांमध्ये शेळ्यांना रोग लागला होता. पलीकडच्या काठावर नावाड्याच्या धाकट्या बहिणीच्या आठ शेळ्या होत्या. त्यांतल्या तीन जणी आठवड्याभरात दगावल्या. शेळ्यांवरच तिचं घर चालायचं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई लस घेऊन निघाल्या आणि आमच्याच होडीत बसल्या. त्यांच्याबरोबर हा पाहुणा होता. पांढराशुभ्र, हातात धरून नेता येईल असा छोटा फ्रीज. त्याच्या पोटात लसीच्या बाटल्या होत्या. त्याची वायर त्यांनी सरळ माझ्या डोक्यावर अडकवली. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

"अगंबाई, किती गोंडस आहे!" नावाड्याची बायको म्हणाली आणि आपल्या रुमालाने तिने त्याला पुसलं. माझ्या वाट्याला तिचा रुमाल कधी आला नव्हता. खायचं माझं आणि कौतुक त्याचं! माझ्या पोटात दुखायला लागलं.

पहिल्या वस्तीवर तो शहाण्यासारखा वागला. थोडी वीज घ्यायचा, थंड झाला की गप्प बसायचा. दुसऱ्या वस्तीवर बाई काही बाटल्या घेऊन उतरल्या. इंजिन बंद होतं आणि ऊन रणरणत होतं. नावाड्याने पूर्वी याच होडीतून बर्फाच्या लाद्या वाहिल्या होत्या. बर्फाला पोत्यात गुंडाळायचं, हवा लागू द्यायची नाही, हे त्याच्या हाडीमाशी खिळलं होतं. त्याने काय केलं माहीत आहे? माझ्या अंगावरची गोधडी ओढली, फ्रीजला चारी बाजूंनी गुंडाळली आणि वरून दोरीने घट्ट बांधली.

मित्रांनो, माझी गोधडी! मी उन्हात उघडी पडले आणि तो पाहुणा पांघरूण घेऊन बसला. त्यानंतर तो माझी वीज पीतच सुटला. थांबायचं नावच घेईना. तीन तास झाले, चार झाले. 'खादाड मेला,' मी मनात म्हणाले. माझं अंग गळून गेलं. मग एकाएकी तोच गप्प झाला.

बाई परत आल्या. नावाड्याने बटण दाबलं. मी नुसतं 'टक्' केलं.

"काय झालं, दादा?"

"बॅटरीने दगा दिला, बाई."

दगा! मी? खरं सांगते, मला वाटलं, बरं झालं. बसा आता त्या फ्रीजचे लाड करत.

बाईंनी झाकणावरचा तापमापक पाहिला. "सात. आठच्या वर गेला तर ही लस फेकून द्यावी लागेल."

नावाड्याने पलीकडच्या काठाकडे पाहिलं. "सकाळीच बहिणीचा फोन होता. म्हणाली, दादा, पाच राहिल्यात. आज नाही आलास तर त्यांचीही दावी रिकामी होतील."

तेवढ्यात बाईंचं लक्ष गोधडीकडे गेलं. "याला गुंडाळलं कोणी?"

"मीच. थंडावा पळू नये म्हणून."

"अहो दादा, हा बर्फ नाही. आतली उष्णता तो या जाळीतून बाहेर टाकतो. जाळीच झाकलीत, मग धापा टाकत चालत राहिला बिचारा. आणि बॅटरी संपत आली तेव्हा आपणहून थांबलाय. तशी सोय असते त्याच्यात."

"अन् मला म्हणता खुळी!" गोधडीची दोरी सोडत बायको नवऱ्याला म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला मी खादाड म्हणत होते तो गुदमरत होता. वर उरलेली वीज माझ्यापाशी ठेवून तो उपाशी बसला होता. चांगुलपणातही माझ्या पुढेच!

आता इंजिनाचं हँडल हाताने फिरवून ते चालू करण्यावाचून इलाज नव्हता. नावाड्याचा एक खांदा दुखरा, एकट्याने फिरत नव्हतं. मग बायकोनेही हँडलला हात घातला. "बाई, मी 'आता' म्हटलं की बटण दाबा," नावाडी ओरडला. हँडल फिरलं, आणखी जोरात फिरलं. "आता!" माझ्या तळाशी जेवढं होतं नव्हतं तेवढं मी दिलं. फ्रीजसाठी नाही हं. त्या पाच शेळ्यांसाठी. इंजिन एकदा खोकलं, दुसऱ्यांदा खोकलं आणि धडधडलं.

पलीकडे पोहोचलो तेव्हा तापमापक साडेसातवर होता. काठावर बहीण उभी होती. पाचही शेळ्यांना लस मिळाली आणि पुढे पाचही जगल्या. त्या दिवशी बहिणीने फ्रीजवरून मायेने हात फिरवला. "याच्यामुळे वाचतील गं," ती वहिनीला म्हणाली. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. मी माझ्या खणात जळत बसले.

फ्रीज आता दर महिन्याला येतो. त्याच्यासाठी होडीत दुसरी बॅटरी बसवली आहे. नवी, तुकतुकीत. म्हणजे मला सवतही आली! पण इंजिन अजून माझ्याच जोरावर चालू होतं, हे मी तिला रोज ऐकवते.

मित्रांनो, कोणी फार खातो म्हणून राग आला तर आधी त्याचा श्वास कुठे कोंडला आहे का, ते बघा. यंत्र जपायचं तर त्याची रीत विचारून जपा, आपल्या मनाने नको. आणि तुमच्या घरी, गाडीत, होडीत माझ्यासारखी एखादी असेल, तर महिन्यातून एकदा तिचं पाणी बघा, टोकं घासा. फ्रीजचं काय, त्याला पुसायला दहा जण धावतात.