चिमणीची झोप

मी काचेची पेटी बोलतेय. दिवस भरायच्या आत जन्मलेली बाळं दवाखान्यात माझ्या स्वाधीन करतात. त्यांना ऊब देणं हे माझं काम. हात आत घालायला माझ्या दोन्ही अंगांना गोल खिडक्या आहेत.

कितीतरी बाळं आली, घरी गेली. चिमणी मात्र मनातून जात नाही. हे नाव सिस्टरांनी ठेवलेलं. एवढासा जीव, पण झोप म्हणून नव्हती. जरा डोळा लागला की कुठलं तरी यंत्र टुणटुणायचं आणि ती दचकून हातपाय झाडायची. वजन वाढेना. आई वरच्या मजल्यावर आजारी पडून होती. तिने अजून लेकीला पाहिलंही नव्हतं.

बाप यायचा, काचेला नाक लावून उभा राहायचा. एका दुपारी सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टरांनी हो म्हटलंय. आजपासून हलकं मालिश करायचं. या."

त्याने हात पाठीमागे नेले. "फरश्या बसवतो मी, सिस्टर. हे हात म्हणजे नुसती कानस. ओरखडे उठतील तिला."

"तेल लावा, मऊ पडतील. फक्त फरशीसारखं ठोकू नका म्हणजे झालं!"

तो हसला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. धुतलेले, तेल लावलेले हात हळूच आत आले.

"गुदगुल्या नकोत. खांद्यापासून खाली, सावकाश. अस्सं."

चिमणीने आधी तोंड वाकडं केलं. मग मुठी सैल पडल्या. शेजारचं यंत्र वाजलं, तरी ती हलली नाही.

"झोपली हो!" तो कुजबुजला. हात काढायला काही तयार होईना.

मग तो रोज येऊ लागला. ती झोपू लागली, अंग धरू लागली. एक दिवस चाकाच्या खुर्चीवरून आई आली. काचेजवळ वाकून तिने लेकीला पहिल्यांदा पाहिलं.

"माझ्या आधी तिला तुझेच हात कळले," ती म्हणाली.

त्याने तिच्या तळव्यावर तेल घातलं आणि स्वतः पलीकडच्या खिडकीशी गेला. दोघांचे हात माझ्यात भेटले. मधे चिमणी गाढ झोपलेली. आई आवाज न करता रडत होती.

चिमणी घरी गेली त्या दिवशी मला पुसून रिकामं ठेवलं. आता कुठे असेल, कशी झोपत असेल, कोण सांगणार?

आज सकाळी नवं बाळ आलंय. त्याची माणसं बाहेर बाकावर बसलीत, आत यायला धजत नाहीत. अहो, सिस्टरांना विचारा, हात धुवा आणि या. बाळ जागंच आहे.