उजवा दाणा

म्हाळू बिरोबाचा पुजारी होता, आणि देव नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यात त्याला काही वावगंही वाटत नसे. उमापूरच्या शिवारात मेंढरं राखायची आणि कुणी कौल मागायला आलं की शेंदूर फासलेल्या दगडाच्या दोन्ही खांद्यांवर ज्वारीचा एकेक दाणा पाण्यानं चिकटवायचा. उजवा आधी पडला तर देवाचा होकार, डावा पडला तर नकार. ज्या दाण्याला पाणी कमी तो आधी पडतो, एवढंच त्यातलं दैवत. माणूस काय ऐकायला आलाय ते त्याच्या तोंडावरच दिसे. म्हाळू त्याला तेच ऐकवी. भांडणं मिटत, सोयरिकी जमत, रडत आलेली बाई डोळे पुसून घरी जाई. मुलाला, सोमनाथला, ही हातचलाखी शिकवताना तो म्हणाला होता, "देव हाय का न्हाई, ते सोड. लोकायला धीर लागतो. तेवढा आपुन द्यायचा."

भादव्यातल्या त्या सकाळी सोमनाथ मेंढरं घेऊन गोदाकाठाला गेलेला. त्याची लेक वैष्णवी घरामागं गोवऱ्या आणायला गेली आणि तिला नाग चावला. सून उज्ज्वला किंचाळतच तिला उचलून घेऊन आली. शेजारच्या अजिनाथनं जीप दारात आणून उभी केली. गेवराईचा दवाखाना काही परमुलखात नव्हता. पोरगी अजून बोलत होती, पाणी मागत होती.

पण म्हाळूची बायको साखराबाई नातीला मांडीवरून सोडेना. "कौल लावल्याबिगर पोरीला न्हेऊ देणार न्हाई. देवाला न इचारता इच्या आत्याला नेलतं. आली का ती माघारी?"

'अगं, तो दगड आहे,' एवढं एकच वाक्य म्हाळूनं त्या वेळी बोलायला हवं होतं. पण जन्मभर बायकोला त्यानंच त्या दगडापुढं वाकवलं होतं. आता कोणत्या तोंडानं बोलणार? त्याला वाटलं, वाद घालत बसण्यापेक्षा उजवा दाणा पाडणं सोपं. चुटकीसरशी पडेल, म्हातारी पोर सोडेल, जीप निघेल. मोठा शहाणाच तो!

बिरोबाचं ठाणं अंगणातच होतं. त्यानं डाव्या दाण्याला भरपूर पाणी लावलं, उजव्याला नुसतं ओलं बोट. पण आभाळ भरलेलं, हवा दमट, आणि भीतीनं हाताला दरदरून घाम सुटलेला. उजवा दाणा चिकटला तो चिकटलाच.

"तात्या, निघायचं का?" जीप चालूच ठेवून अजिनाथ ओरडला.

"देव बोलला न्हाई आजून," साखराबाई म्हणाली.

हात पुढं करून दाणा खाली पाडायचा, की काम झालं. सगळ्यांच्या देखत म्हाळूचं तेवढं धाडस झालं नाही. आणि मग त्याच्या मनात भलतंच येऊ लागलं. आत खरंच कुणी असेल तर? इतकी वर्षं आपण त्याच्या नावानं खोटं बोललो, त्याचा राग तो या पोरीवर काढत असेल तर? आयुष्यात पहिल्यांदा त्यानं मनापासून हात जोडले. पाड रे देवा, एवढा एक पाड.

"मामा, चला हो," उज्ज्वला सासऱ्याच्या पायाशी लोळण घेत होती. "तिच्या पापण्या मिटायल्यात!"

म्हाळू दाण्याकडं बघत राहिला.

दाणा पडला. उजवाच पडला. साखराबाईनं देवाच्या नावानं हाळी दिली आणि पोर सोडली. गेवराईत डॉक्टरांनी धावपळ केली, इंजेक्शनं दिली. पण वेळ निघून गेली होती.

माती झाल्यावर साखराबाई ऊर बडवत येईल त्याला सांगत होती, "देवानं उजवा दिलता रं! आपलंच नशीब फुटकं!" जमलेल्या बाया माना डोलावत होत्या. देवाचं काही चुकलं नव्हतं.

सोमनाथ रडला नाही. तो बापासमोर येऊन बसला.

"आईला ठावं नव्हतं," तो हळू म्हणाला. "उज्ज्वलाला ठावं नव्हतं. साऱ्या गावात तुमाला ठावं होतं, आबा, अन् मला. मी हितं नव्हतो."

म्हाळूच्या तोंडून कसेबसे शब्द फुटले. "सोमा, आज म्या खरंच हात जोडलते."

"म्हणूनच गेली ती," सोमनाथ म्हणाला.