बिनटेन्शनचं घर

घंटा झाली तेव्हा मी स्टोअरमध्ये पाण्याचे पाइप गुंडाळत होतो. बाहेर बूट धावले, बंबाचं इंजिन गुरगुरलं आणि माझी छाती अशी धडधडायला लागली, की मी तिथंच मटकन खाली बसलो. दोन बोटं मनगटावर, नजर घड्याळाच्या काट्यावर. एकशे अठरा.

सव्वीस वर्षं मी आगीचा बंब चालवला. दोन महिन्यांपूर्वी ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं आणि साहेबांनी मला स्टोअरला बसवलं. आगीला कधी न घाबरलेला मी तेव्हापासून स्वतःच्या नाडीला घाबरून होतो. दिवसातून वीस वेळा मोजायचो. मोजली की वाढायची, वाढली की पुन्हा मोजायचो.

दुपारी तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या, पण तोंडानं फटकळ.

"गोळी घेता ना?"

"घेतो. पण घंटा ऐकली की धडधडतं हो."

"सव्वीस वर्षं धडधडत नव्हतं?"

"तेव्हाही धडधडायचं. त्याच जोरावर तर उडी मारून गाडीत बसायचो."

"मग आताच त्याचा एवढा धसका कशाला? छाती तुम्हाला कामाला उठवतेय. गोळी चालू ठेवा, दुखलं तर लगेच या. पण धडधडलं म्हणजे मेलो, हे डोक्यातून काढा. आणि ते नाडी मोजणं आधी बंद करा."

हिला बोलायला काय जातंय, असं म्हणत मी रस्ताभर चिडचिडत आलो. पण त्या नादात नाडी मोजायची राहूनच गेली.

घरात सगळं शांत होतं. खरं तर ही शांतताच आठ दिवस मला खात होती. आमची ही आठ दिवसांत माझ्यावर एकदाही ओरडली नव्हती. ओला टॉवेल पलंगावर टाकला तरी हसून उचलत होती. एकतीस वर्षांच्या संसारात असं कधी झालं नव्हतं! फोन वाजला की गॅलरीत जायची आणि तोंड धुऊन परत यायची.

आताही गेली. मी मागोमाग गेलो.

"कोणाचा फोन?"

"कोणाचा नाही. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

"काय झालंय ते सांग."

"अहो, तुमचं बीपी..."

"खड्ड्यात गेलं बीपी! सांग."

तिचा बांध फुटला. "आक्का दवाखान्यात आहेत. आठ दिवस झाले. डॉक्टरांनी हात टेकलेत. तुम्हाला झेपणार नाही म्हणून त्यांच्या मुलानं सांगू दिलं नाही."

आक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच मला लहानाचं मोठं केलं. तिचे दिवस भरत आले होते आणि मी घरात बसून माझी नाडी मोजत होतो. मला स्वतःची लाज वाटली. छाती फुटेल की काय असं धडधडत होतं. बोटं सवयीनं मनगटाकडे गेली, तो हात मी खिशात घातला, चपला अडकवल्या आणि निघालो.

वॉर्डच्या दारात भाचा आडवा आला. "मामा, आत रडू नका हं. तिला काही सांगितलेलं नाही. उगाच टेन्शन घेईल."

आक्का उशीला टेकून पडली होती. अर्धी राहिली होती. मी हसायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. तिचा हात हातात घेतला आणि मला हुंदका फुटला.

भाचा माझा दंड ओढायला लागला. "मामा, अहो मामा..."

"सोड त्याला," आक्का म्हणाली.

तिनं माझा हात घट्ट धरला.

"आठ दिवस सगळे येतात, हसतात, बरी होशील म्हणतात आणि जातात. मी बोलायचं कोणाशी रे?"

"माझ्याशी बोल."

"तुला झेपेल?"

"धडधडतंय. पण बसतो मी."

आक्कानं कष्टानं पाय जवळ ओढले आणि पलंगावर मला बसायला जागा करून दिली.