गुलाबी मार्कर

कैरोच्या शुब्रा भागातल्या लग्नांची एक गंमत आहे. लग्न एका रात्रीत उरकतं, पण लग्नाचा व्हिडिओ हातात येईपर्यंत नवरा-नवरीचं पहिलं भांडण होऊन मिटलेलंही असतं. त्यात वरमाय स्टुडिओत येऊन बघितल्याशिवाय तो व्हिडिओ घरी जात नाही. आपली माणसं किती दिसली आणि त्यांची किती दिसली, हे तिच्याइतकं कुणाला कळत नाही. कैरोतल्या कित्येक व्हिडिओवाल्यांचे केस याच कामात पांढरे झालेत.

व्हिडिओ जोडणाऱ्या वगीहलाही या वरमायांची सवय होती. त्यांच्यापुढे बसबूसाची, म्हणजे रव्याच्या गोड वड्यांची, बशी सरकवायची आणि मान डोलवत राहायचं, एवढं तो शिकला होता. पण आज उम्म हिशाम येणार म्हटल्यावर त्याने सकाळपासून दोनदा दाढी केली आणि खुर्चीवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली. उम्म हिशाम म्हणजे नवरदेव हिशामची आई. पण वगीहच्या दृष्टीने ती शाहिनाजची आई होती. शाहिनाज ही हिशामची धाकटी बहीण, आणि वगीहला तिच्याशीच लग्न करायचं होतं.

शाहिनाजला तो एकदाही भेटला नव्हता, ही एवढीच काय ती अडचण.

हसू नका. या धंद्यात असं होतं. लग्नाचं शूटिंग त्याच्या शाकिरकाकांनी केलं होतं. काका साठी उलटलेले, कवळी लावणारे, आणि कॅमेरा खांद्यावर आला की कुणाचंही न ऐकणारे. वगीह मात्र कुशारीच्या, म्हणजे मसूर-भाताच्या, दुकानावरच्या खोलीत बसून तुकडे जोडत होता. अशा खोलीत एकच मुलगी दिवसचे दिवस स्क्रीनमधून थेट तुमच्या डोळ्यांत बघत राहिली, भुवया उडवत, बोट नाचवत, काहीतरी बोलत राहिली, तर भल्याभल्यांचं डोकं ठिकाणावर राहत नाही. वगीहचं तर मुळातच फारसं ठिकाणावर नव्हतं.

काकांनी शूटिंग केलं होतं डोंगराएवढं. त्यातून वाट काढायला वगीह मार्कर लावायचा. स्क्रीनच्या तळाशी टाइमलाइनची लांबलचक पट्टी, तिच्यावर सगळ्या क्लिपा एकापुढे एक अंथरलेल्या, आणि कामाचा क्षण आला की बटण दाबून तिथे एक इवलासा रंगीत झेंडा रोवायचा. नवरीकडचे हिरवे, नवरदेवाकडचे पिवळे, जेवणाचे निळे. ज्यात भांडण किंवा पोट दिसतं ते लाल, म्हणजे कापायचे. बाण दाबला की पुढच्या झेंड्यावर उडी. सगळं कसं शिस्तीत.

आणि शाहिनाज जिथे जिथे दिसली, तिथे गुलाबी.

उम्म हिशाम जिना चढून आल्या, धापा टाकत खुर्चीत बसल्या आणि बसबूसाकडे न बघता स्क्रीनकडे बघू लागल्या. वगीहने बशी आणखी पुढे सरकवली. आज बाईंचं मन जिंकायचं, त्या खूश झाल्या की हळूच विषय काढायचा, आणि पुढच्या आठवड्यात आईला घेऊन लग्न ठरवायची फातिहा वाचायला त्यांच्या घरी जायचं, असं त्याने पक्कं ठरवलं होतं. बाईंचं बिनसलं तर ते दार कायमचं बंद होणार होतं.

"हे काय रे, जत्रेतल्या पताका लावल्यास?"

"मार्कर आहेत, मावशी. हिरवे नवरीकडचे, पिवळे आपले."

"हिरवे जास्त दिसतायत."

"छे छे! पिवळे उन्हामुळे फिके दिसतात. पडदा ओढू का?"

"राहू दे. आणि हे गुलाबी? सगळीकडे गुलाबीच पसरलंय. कुणाचे ते?"

वगीहने गुलाबी रंगाबद्दल काहीच ठरवून ठेवलं नव्हतं. इतका हुशार माणूस, पण गळ्याशी आलं की त्याला जे सुचायचं ते असलंच काहीतरी.

"फुलं," तो म्हणाला. "सजावटीची फुलं आहेत."

उम्म हिशाम सावरून बसल्या. "फुलं? अरे, फुलांवरून तर विहीणबाईंशी माझं वाजलं! मी पांढरी सांगितली होती. दाखव बघू."

"नंतर बघू, मावशी, आधी मिरवणूक..."

"आधी फुलं."

वगीहने बाण दाबला. शाहिनाज आली. तिच्या हातात द्राक्षाच्या पानाची गुंडाळी होती आणि दुसरी तोंडात होती.

"फूल कुठंय?"

"मागे आहे, मावशी. त्या खांबाच्या मागे."

"दिसत नाही ते."

"थोडं दडलंय."

पुढचा गुलाबी झेंडा. शाहिनाज भाजलेल्या कबुतराची तंगडी सोलत होती. त्याच्या पुढच्या झेंड्यावर ती वेटरच्या हातातलं ताट परत ओढून घेत होती. वगीहने बाणावरून हात काढला, तर उम्म हिशामनी त्याचा हात बाजूला सारला आणि स्वतःच बाण दाबायला लागल्या. बाईंनी आयुष्यात कंप्यूटरला हात लावला नव्हता, पण एवढं बटण त्यांना पुरे होतं. शाहिनाज, शाहिनाज, आईस्क्रीम खाणारी शाहिनाज, परत शाहिनाज.

"वगीह."

"जी."

"हे फूल माझ्या घरचं आहे. रोज सकाळी माझ्याशी भांडतं."

वगीहने रुमाल काढून कीबोर्ड पुसायला घेतला. 

"खरं सांग, काय भानगड आहे?"

"भानगड नाही हो, मावशी! देवाशपथ नाही. मी तिला भेटलोही नाहीये. मला फक्त... मी आईला घेऊन तुमच्याकडे यायचं म्हणत होतो. रीतसर." त्याने स्क्रीनकडे बोट केलं. "बघा ना, ती कशी बघते. दर वेळी सरळ इकडे. जसं काही मलाच सांगतेय."

उम्म हिशामनी स्क्रीनकडे बघितलं, मग वगीहकडे.

"कॅमेरा कुणाच्या हातात होता?"

"शाकिरकाकांच्या."

"म्हणजे ती कवळीवाल्या म्हाताऱ्याकडे बघतेय."

हे वगीहच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. इतके दिवस तो त्या डोळ्यांसमोर बसून कुशारी खात होता आणि मधूनच लाजतही होता. त्याला एकदम रडू आल्यासारखं झालं.

"आणि आवाज का नाही?" उम्म हिशामनी विचारलं.

"हॉलमध्ये ढोल असतात ना, कान फुटतात. मी आवाज बंदच ठेवतो. वरून गाणं टाकायचं असतं."

"लाव आवाज. माझी मुलगी तोंड हलवतेय आणि ऐकू काही येत नाही, हे सुख मला घरी कधी मिळालं नाही. पण बोलते काय ते तरी कळू दे."

वगीहने आवाज लावला. ढोल दणाणले, बायकांच्या किलकाऱ्या उठल्या, आणि त्या सगळ्याच्या वरून शाहिनाज आली.

"काका, कॅमेरा वळवा! घास तोंडात आहे माझ्या!"

पुढचा झेंडा. "परत आलात? हॉलमधली बाकीची माणसं मेली का?"

पुढचा. "काका, कबूतर खाताना सुलतानसुद्धा चांगला दिसत नाही, मग मी कोण?"

उम्म हिशाम हसायला लागल्या. वगीह मात्र शेवटच्या गुलाबी झेंड्याची वाट बघत होता. तो त्याचा सगळ्यात लाडका. त्यात शाहिनाज हळूच पुढे वाकायची, छातीवर हात ठेवायची आणि लेन्समध्ये बघत एकेक शब्द सावकाश उच्चारायची. त्यावर टाकायला त्याने विरहाचं एक गाणंही काढून ठेवलं होतं.

"आणि काका," शाहिनाज सावकाश म्हणाली, "तो कोण तुमचा दुकानात बसून हे जोडतो ना, त्याला निरोप द्या. माझं खाणं व्हिडिओत दिसलं, तर मी स्वतः येईन आणि त्याचा कंप्यूटर जिन्यावरून खाली फेकीन. माझ्या आईची शपथ."

उम्म हिशामना हसून हसून ठसका लागला. वगीहने पाणी दिलं. आपली शोभा झाली, एवढंच त्याला कळत होतं.

"कापतो, मावशी. एकूण एक कापतो. आणि मी जे काही बोलून गेलो, ते विसरून जा."

त्यांनी डोळे पुसले आणि पहिल्यांदाच बसबूसाचा तुकडा उचलला.

"मुलगा बघायला आला की ती खोलीतून बाहेर येत नाही. फार्मसीवाला आला, ती झोपली. इंजिनिअर आला, तिने आतून कडी लावली. तू आईला घेऊन आलास, तर आम्ही तिघं-चौघं चहा पिऊ आणि तू परत जाशील." त्यांनी तुकडा सावकाश संपवला. "माझ्या नावाने घेतलेली शपथ मात्र ती कधी मोडत नाही."

वगीहने शेवटच्या गुलाबी झेंड्याकडे बघितलं.

"एकही कापायचा नाही. आम्ही सगळे गुरुवारी बघणार. कबुतराचं ते संथ करून टाक. येतं ना करता?"

"येतं."

"आणि शुक्रवारी दुकान उघडं ठेव."

शुक्रवारी नमाज झाली तरी गल्ली सुस्तच होती. वगीह इस्त्रीचा शर्ट घालून एकटाच बसला होता. घाबरला होता, खूप घाबरला होता, आणि इतका आनंदही त्याला कधी झाला नव्हता. तेवढ्यात खालून, कुशारीवाल्याच्या ओट्यापासून, एक आवाज आला.

"इथे वर तो व्हिडिओवाला बसतो का हो? जागा आहे का तो?"

पायऱ्या धाडधाड वाजू लागल्या. वगीहने आधी दोन्ही हातांनी कंप्यूटर धरला. मग सोडला, आणि जाऊन दार उघडलं.