घड्याळजींच्या घरात उतरलेला समुद्र

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी उजवी बिजागरी सैल झाली आहे, दोन कळांवरची अक्षरे झिजून गेली आहेत आणि थोडे तापलो की माझा पंखा धापा टाकू लागतो. असे असूनही माझ्या आयुष्यात एक दुपार अशी आली, की ती आठवली तरी मी आजही थक्क होतो.

माझा जन्म एका प्रचंड कारखान्यात झाला. सरकत्या पट्ट्यावर माझी शेकडो भावंडे माझ्या मागेपुढे होती. पुढे समुद्राचा अभ्यास करणाऱ्या एका कार्यालयाने मला विकत घेतले. सहा वर्षे मी तिथे पत्रे लिहिली, तक्ते भरले, खूप शाबासकी मिळवली. मग नवे, सडपातळ लॅपटॉप आले आणि माझी रवानगी कपाटाच्या तळाशी झाली. गरज सरो, वैद्य मरो! भंगारात जाण्याच्या आदल्या दिवशी तिथे काम करणाऱ्या एका मुलीने मला मागून घेतले.

तिने माझ्यातली जुनी, जड प्रणाली पुसून टाकली आणि लिनक्स नावाची नवी प्रणाली घातली. ही प्रणाली थोड्यात भागवणारी आहे. माझ्या म्हाताऱ्या हाडांना ती अशी मानवली, की मी पुन्हा भराभरा कामे करू लागलो.

मुलीचे वडील घड्याळजी. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचे दुकान होते. भिंतीवर एकोणतीस घड्याळे, आणि सगळी एका ठोक्यात चालणारी! आई न्यायालयात टंकलेखिका होती, नुकतीच निवृत्त झालेली. मुलीने मला घरी आणले त्याच दिवशी वडिलांनी विचारले, "ह्याच्या कोपऱ्यातली ती वेळ कोण लावतं?"

"तो आपणहून इंटरनेटला विचारतो, बाबा."

"घड्याळजीच्या घरात राहून परक्याला वेळ विचारणार? बंद कर ते. मी लावीन."

मुलगी खूप हसली. पण वडिलांचा मान राखून तिने ती सोय बंद केली. वडिलांनी भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे बघून माझी वेळ सेकंदापर्यंत जुळवली आणि मग ती गोष्ट सगळेच विसरून गेले. एवढी घड्याळे समोर असताना माझ्या कोपऱ्यात डोकावणार तरी कोण?

काही महिन्यांनी मुलगी समुद्राच्या तळाचा अभ्यास करायला जहाजावर गेली. तिथून फोन लागत नसे. दर रविवारी दोन ओळींचा निरोप यायचा. आई तो माझ्यावर उघडून मोठ्याने वाचायची आणि वडील भिंगाखालचे घड्याळ तसेच धरून ऐकायचे. पाच महिने त्यांनी लेकीचा आवाज ऐकला नव्हता. मग एका रविवारी निरोप आला : "शुक्रवारी दुपारी तीन वाजता आमचा कॅमेरा तळाला पोचेल. थेट दाखवणार आहेत, एकदाच. माहिती मी सांगणार आहे. बघाल ना?"

दोघांचे फोन साधे, बटणांचे. सगळी भिस्त माझ्यावर होती, आणि मला तर त्या संकेतस्थळावरची चाचणीची चित्रफीतही दाखवता येईना. पडदा काळाठिक्कर!

आईने मुलीची वही काढली. जाण्यापूर्वी मुलीने त्यात सगळे लिहून ठेवले होते. असली चित्रे दाटीने घडी घालून पाठवतात आणि ती घडी उलगडण्याचे साधन माझ्याकडे नव्हते. ते कसे मागवायचे, त्या आज्ञा वहीत होत्या. आईने आज्ञा टाइप करायची काळी खिडकी पडद्यावर उघडली आणि माझ्याकडे न बघताच तिची दहा बोटे चालू लागली.

"अगं, सावकाश," वडील म्हणाले. "काही बिघडलं म्हणजे?"

"तुम्ही घड्याळ उघडता तेव्हा मी मध्ये बोलते का?"

"बोलतेस की!"

साधन आले, तरी एक कुलूप उरलेच. ते प्रक्षेपण कुलूपबंद होते आणि माझ्या ब्राउझरला किल्ली वापरायची परवानगी नव्हती. आईने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये वहीत सांगितलेला चौकोन शोधला आणि त्यात बरोबरची खूण केली. किल्ली चालवणारा एक बारकासा भाग इंटरनेटवरून माझ्यात उतरला. ब्राउझर एकदा बंद करून उघडला आणि चाचणीच्या चित्रफितीत लाटा हलू लागल्या. आईने टाळीच वाजवली.

शुक्रवारी सकाळी वडिलांना माझी माया आली. "आज पाहुणी येणार, हा असा धुळीने माखलेला बरा दिसतो का?" असे म्हणत त्यांनी मला बंद केले, माझी बॅटरी काढली आणि घड्याळे साफ करायच्या रबरी फुग्याने माझ्या पोटातली धूळ उडवली. इतक्या हळुवार हातांनी मला कोणी कधी उघडले नव्हते.

पण मित्रांनो, माझ्या पोटात एक छोटा गोल सेल असतो. बाकी सगळे बंद असताना तो माझी तारीख सांभाळतो. तो कधीच संपला होता. मोठी बॅटरी होती तोवर निभावून गेले. ती निघाली आणि मी क्षणात बारा वर्षे मागे गेलो. वाईट याचे वाटते, की मला ते कळलेसुद्धा नाही.

पावणेतीनला आईने संकेतस्थळ उघडले. समोर एक इशारा आला आणि वाट बंद झाली. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

"तूच काहीतरी भलतं टाइप केलं असशील," वडील म्हणाले.

"तीस वर्षं टाइप केलंय. एक चूक दाखवा माझी!" आई म्हणाली, पण तिचे डोळे भरून आले होते. मग जन्मभराच्या सवयीने ती इशाऱ्यातला शब्द न् शब्द वाचू लागली. "संकेतस्थळाचं प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही... अहो, अजून म्हणजे काय? काल तर लागू होतं."

वडील झपकन वाकले. कितीतरी दिवसांनी कोणीतरी माझ्या कोपऱ्यात पाहिले.

"अरे देवा! हा बारा वर्षं मागे आहे. आणि मी घड्याळजी म्हणवतो!"

तीनला अकरा मिनिटे होती. वडिलांनी मला पुन्हा बंद करून उलटा केला. घड्याळ मागे पडले की आधी सेल बघायचा, या सवयीने त्यांनी माझा संपलेला सेल काढला आणि खणातला तसाच नवा गोल सेल चिमट्याने जागेवर बसवला. त्यांचा हात जराही हलत नव्हता. मी जागा होताच ते म्हणाले, "लाव ती इंटरनेटची वेळ. माझा हट्ट राहू दे बाजूला."

तीनला एक मिनिट असताना वाट मोकळी झाली.

मित्रांनो, पुढे जे घडले ते माझ्या अंगात घडले, तरी मला ते अजून खरे वाटत नाही. काळ्या पाण्याखाली, चार हजार मीटर खोल एक दिवा जळत होता. तिथले चित्र तारेने जहाजावर, जहाजावरून आकाशात आणि आकाशातून या गल्लीत येत होते. दोन-दोन, चार-चार सेकंदांचे कुलूपबंद तुकडे! मी एक तुकडा उघडून उलगडेपर्यंत दुसरा दारात उभा. माझा पंखा घोंघावत होता, पण मी एकही तुकडा पडू दिला नाही. आणि मग त्या तुकड्यांतून आवाज आला : "नमस्कार. आपण आता तळाला पोचलो आहोत."

"सर्दी झालीय तिला," आई म्हणाली.

मी स्वतः तो समुद्र पाहिलेला नाही. माझा पडदा जगाकडे असतो, माझ्याकडे नाही. माझ्या कपाळावरच्या बारक्या कॅमेऱ्यातून मला फक्त ते दोघे दिसत होते. निळा उजेड त्यांच्या चेहऱ्यांवरून सरकत होता. वडील तोंड उघडे टाकून बघत होते. आईचे ओठ लेकीच्या प्रत्येक वाक्याबरोबर हलत होते. मध्येच पडद्यावर काहीतरी चमकले असावे, कारण दोघांनी एकदम श्वास रोखला आणि लहान मुलांसारखा एकमेकांचा हात धरला.

म्हणून सांगतो मित्रांनो, घरातल्या जुन्या यंत्राला भंगार म्हणण्यापूर्वी एकदा उघडून बघा. कदाचित त्याला फक्त एक छोटासा सेल हवा असेल. समुद्र कसा होता ते मला विचारू नका. तो पाहणारे दोन चेहरे मी पाहिले आहेत, आणि माझ्यासारख्या जुन्या यंत्राला तेवढे पुरे आहे.