गुळव्याचे हातमोजे

तासगावच्या अलीकडं जयपाल अण्णांचं गुऱ्हाळ लागलं, की रस आटवायच्या काहिलीवर नाथाजी गुळव्या ठरलेलाच. कमरेला काचा, डोक्याला ओलं फडकं, एवढाच त्याचा जाळापुढचा बंदोबस्त. उकळता पाक उडाला की गडी आई आई करत नाचायचे आणि हा बाबा म्हणायचा, "वरडताय कशाला? फुकटात गोड झालासा!"

त्याची सारी ऐट बोटांत होती. पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, बोटांनी चोळून गोळी करायची, गोळी मनासारखी लागली की हाक द्यायची, "उतरा!" जरा मागंपुढं झालं की गूळ चिकट तरी होणार, नाहीतर करपणार.

आणि ती बोटंच गेली होती. तीस वर्षं भाजून भाजून दोन्ही हातांची बोटं पार बधिर झाली होती. नाथाजीनं हे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. परवाची काहील बिघडली, तेव्हा त्यानं सगळं उसावर ढकललं. अण्णा कवठे महांकाळच्या गुंडा गुळव्याची चौकशी करून आले. आपली जागा जाणार, हे नाथाजीनं तेव्हाच ओळखलं.

अशात त्याचा मेव्हणा सयाजी लढाई संपवून पलटणीतून परतला. तिथं तो भटारखान्यात होता. त्यानं कोपरापर्यंत येणारे जाडजूड हातमोजे आणले होते.

"चामड्याचं न्हाईत न्हवं?" जैन असलेल्या अण्णांनी लांबूनच विचारलं. कापडाचे आहेत म्हटल्यावर मग ते जवळ आले.

"घाला, दाजी," सयाजी म्हणाला. "आमच्याकडं ह्याच्याबिगर भट्टीला शिवू देत न्हाईत."

"तुमचा सायेब लोण्याचा आसंल," नाथाजी म्हणाला. "मी काय बोहल्यावर चढतोय व्हय रं, नटून थटून?"

गडी खदाखदा हसले. भाकरी घेऊन आलेली नाथाजीची बायको रंगूबाई मात्र हसली नाही. ती गुळव्याचीच लेक, बापाच्या काहिलीशेजारी वाढलेली. तिनं पदर खोचला आणि सरळ नवऱ्याचा हात धरून मोजा चढवायला लागली.

"अगं ए, लोकं बघत्यात!"

"बघू द्यात. फोड आला की घरात कुरकुर मी ऐकती, लोकं न्हाईत."

"आन् गोळी कशी बघू ह्यातनं?"

"गोळी मी बघती."

"गुळव्या बायकोच्या मुठीत गेला रं!" कुणीतरी ओरडलं. नाथाजीचं डोकं फिरलं. तो मोजा भिरकावणार, तेवढ्यात दुसऱ्या मोज्याचा बंद बांधता बांधता ती हळूच म्हणाली, "सकाळी तव्यावरची भाकरी हातात धरून माझ्याशी बोलत बसलासा. चटका बसला न्हाई तुमास्नी."

नाथाजीच्या तोंडचं पाणीच पळालं. त्यानं उगारलेला हात खाली घेतला.

पाकाला मोठाले बुडबुडे आले. रंगूबाईनं थेंब पाण्यात सोडला, चोळला, पुन्हा सोडला. "आता!" ती म्हणाली.

गडी हलेनात. ते नाथाजीच्या तोंडाकडं बघत राहिले.

"कानात बोळं घातल्यात व्हय?" नाथाजी गरजला. "रंगू काय म्हणाली? उतरा!"

गूळ पिवळाधमक उतरला. अण्णांनी खडा तोंडात टाकला आणि मान डोलावली.

"मग गुळव्या कोन म्हनायचं? तुमी का वयनी?" एका गड्यानं डोळा मारला.

नाथाजीनं हातातले मोजे बघितले. खोटं बोलायचा त्याला एकदम कंटाळा आला.

"वयनीच," तो म्हणाला. "अण्णा, माजी बोटं गेल्यात. परवा उसाची काय चूक न्हवती."

अण्णांनी दुसरा खडा तोंडात टाकला.

"उद्यापासनं दोगंबी या," ते म्हणाले. "आन् गोळी बघून झाली की मोजं तिला घाल रं. तुजी बोटं गेली, तिची तरी ऱ्हाऊ देत."